सहा अठ्ठावन्नचा फोटो

१

सगळा घोळ एका ओळीत होता. फ्लाइंग क्लबच्या व्हॉट्सॲप गटात सोमवारी सकाळी सहा अठ्ठावन्नला कोणीतरी काहीतरी टाकलं होतं, आणि आता त्या जागी एवढंच उरलं होतं : ‘हा मेसेज ॲडमिनने काढून टाकला आहे.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ओळ तीच.

हवामान खात्यात चौतीस वर्षं आभाळाकडे बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता पोथी बरी आणि आपण बरे. पण क्लबचे अध्यक्ष कृष्णकांत आमच्या शेजारचे. बुधवारी सकाळीच दारात उभे. “पुष्पलताताई, तुम्ही फक्त हवामानाचं पान लिहून द्या. बाकी सगळं तयार आहे.”

बाकी सगळं तयार आहे, हे वाक्य मी नोकरीत जेव्हा जेव्हा ऐकलं, तेव्हा तेव्हा काहीच तयार नसायचं.

झालं होतं ते असं. क्लबची मुख्य धावपट्टी इथे शहराजवळ, उमरेड रोडला. दुसरी छोटी पट्टी पारशिवनीच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी. सोमवारी सव्वासातला रितिका मेश्राम ही सव्वीस वर्षांची पायलट दोन सीटचं विमान घेऊन एकटीच पारशिवनीला निघाली. इथे लख्ख ऊन. तिथे ढग जमिनीवर उतरलेले. सात चाळीसला विमान टेकडीवरच्या सागाच्या झाडांत शिरलं. पोरगी वाचली. एक पाय, तीन बरगड्या आणि उजवा हात मोडला.

आणि क्लबच्या वहीत सोमवारची नोंद होती : ‘पारशिवनी येथे ढगांची पातळी अत्यंत खाली असून टेकडी दृष्टीस पडत नाही. पायलटला उड्डाण न करण्याबाबत स्पष्ट सूचना दिली. तिने ती मानली नाही.’ खाली ड्यूटी मॅनेजर जितेंद्र खंडाळकरची सही. पायलटच्या सहीची जागा कोरी.

सरकारी चौकशी वेगळी चालू होती. क्लबचा अहवाल शुक्रवारी तिकडे जाणार होता. ही नोंद जशीच्या तशी गेली असती, तर रितिकाचं लायसन्स गेलंच म्हणून समजा. मनाई असताना उडालेल्या पायलटला पुन्हा विमान कोण देतं?

मी वहीची मागची पानं उलटली. शनिवार : ‘फोटो पाहिला. ढग. बंद.’ रविवार : ‘फोटो पाहिला. ढग. बंद.’ शुक्रवार : ‘फोटो पाहिला. साफ.’ सहा महिने हेच, तीन-चार शब्दांत. आणि सोमवारी एकदम दृष्टीस पडत नाही, स्पष्ट सूचना, याबाबत, त्याबाबत.

आळशी माणूस एकाच दिवशी इतकं शुद्ध का लिहितो?

२

दवाखान्यात रितिकापेक्षा तिचे वडील जास्त आजारी दिसत होते. मारोतराव एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. मी आत शिरले तेव्हा त्यांचं चालूच होतं.

“मी म्हटलं होतं का नाही तुले? बँकेची परीक्षा दे म्हटलं. पंख्याखाली बसून नोकरी. पण नाही! हिले आभाळात जायचं होतं.”

“बाबा, बँकेतल्या लोकांचेही पाय मोडतात.”

“खुर्चीवरून पडून मोडतात वं! सागाच्या झाडावर जाऊन नाही मोडत!”

मी माझं नाव सांगितलं. मारोतराव गप्प झाले, पण नुसते तोंडाने. बाकी सगळ्या अंगाने ते बोलतच होते.

“फोटो आला होता,” रितिका म्हणाली. “रोज सातच्या आत पारशिवनीची पट्टी सांभाळणारे चंपतकाका तिथून टेकडीचा फोटो टाकतात. टेकडी दिसली की जायचं, नाही दिसली की थांबायचं. सोमवारी दिसत होती. वरचं वाळलेलं झाडसुद्धा दिसत होतं.”

“जितेंद्र म्हणतो, टेकडी दिसतच नव्हती. त्याने तुला थांबवलं.”

“थांबवलं?” ती हसायला गेली आणि बरगड्यांनी तिला हसू दिलं नाही. “मॅडम, रोज माझं उड्डाण अकराला असतं. शनिवार-रविवार बंद गेले म्हणून त्यांनीच सोमवारी सव्वासातचं केलं. ‘जल्दी निकल, बाद में दो और हैं’ म्हणाले. वही दुसऱ्या टेबलावर होती. म्हणाले, सही आल्यावर कर.”

“तुझ्या फोनमध्ये असेल ना तो फोटो?”

मारोतरावांनी पिशवीतून एक प्लास्टिकची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत फोनचा चुरा होता. “घ्या. यातून काढा आता फोटो.”

“उगाच मॅडमवर चिडू नका, बाबा.”

“मग कोनावर चिडू? विमानावर? तेबी मोडलं!”

निघताना रितिकाने सहज म्हटलं, “मला उचलायला गावातली माणसं आली, मॅडम. हाका मारत मारत आली, दहा हातांवरचं दिसत नव्हतं. चंपतकाका मात्र दिसले नाहीत. पट्टी तर तिथून एका हाकेवर आहे.”

३

जितेंद्रने मला एसी केबिनमध्ये बसवलं आणि चहा मागवला. चातुर्मासात माझं एकच वेळ खाणं-पिणं असतं, म्हणून मी नको म्हटलं. त्याला वाटलं मी रागावले. तो जरा जास्तच गोड बोलू लागला.

“मॅडम, लडकी अच्छी है. पण ऐकत नाही. मी क्लिअर सांगितलं, मत जा. ती गेली. आता मी काय, विमानाच्या मागे पळू?”

“सहा अठ्ठावन्नला गटात काय आलं होतं?”

“वो? अरे, चंपतराव रोज गुड मॉर्निंग टाकत राहतात. गुलाबाचं फूल, वाफाळता कप. वैताग येतो. डिलीट केलं.”

“ॲडमिन तुम्ही एकटेच?”

“हाव ना. कामाचा गट आहे, मॅडम. शिस्त लागते.”

मी त्याच्याच फोनवर गट मागे सरकवत गेले. रविवारचं गुलाब, खाली ढगाचा फोटो. शनिवारचा कप. त्याआधी कमळं, मोर, समया, सूर्योदय, एक हसरं बाळ. महिन्याभराची सगळी सुप्रभातं आपापल्या जागी सुखात होती. शिस्त फक्त सोमवारच्या एकाच मेसेजला लागली होती.

“मग टेकडीचा फोटो कुठे आहे? सोमवारचा?”

जितेंद्रने पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. “तो… चंपतरावांनी फोनवर सांगितलं ना. की ढग आहे म्हणून.”

“वहीत तर फोनचं काही लिहिलेलं नाही.”

“मॅडम, तुम्हाला हवामानाचं पान लिहायचं आहे. हवामान खराब होतं. लिहून टाका ना! इतनी सी बात है!”

तेवढीशीच बात होती, तर त्याच्या कपाळावर एसीत घाम का आला होता, हे मला कळेना. मी वही माझ्या पिशवीत टाकली. तो उठून उभा राहिला.

“वही न्यायची नाही, मॅडम.”

“कृष्णकांतजींना फोन लावू?”

तो बसला.

४

गुरुवारी मी पारशिवनीची बस धरली. पट्टी म्हणजे मुरुमाचा एक लांब पट्टा, टिनाची शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि चंपतराव चकोले. अठ्ठावन्न वर्षांचा सरळ, साधा माणूस. मला बघताच पांढरा पडला.

“बसा, मॅडम. पाणी घेता?”

“नको. सोमवारी काय पाठवलं होतं, चंपतराव?”

“फोटो.” उत्तर पाठ केलेलं होतं. “ढगाचा फोटो. टेकडी दिसतच नोहती. दोन वाजेपर्यंत नाही दिसली. गावात कोनालेही विचारा.”

“जितेंद्र म्हणतो, फोटो नव्हता, तुम्ही फोन केला. आणि तुम्ही म्हणता, फोटो टाकला.”

चंपतरावांनी डोकं खाजवलं. “फोनबी केला असन. आता ध्यानात नाही.”

“तो फोटो तुमच्या फोनमध्ये तरी दाखवा.”

“फोन भरून गेला होता न. काढून टाकला.”

मला राग येत नाही असं लोक म्हणतात. येतो, फक्त आवाज चढत नाही. मी शेडच्या बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, “चंपतराव, जरा माझ्यासोबत विचार करा. जितेंद्रचं म्हणणं आहे की टेकडी दिसत नव्हती आणि त्याने पोरीला थांबवलं. तुम्ही ढगाचा फोटो टाकला असता, तर तो जितेंद्रचा सगळ्यात मोठा पुरावा झाला असता. त्याने तो फ्रेम करून भिंतीवर लावला असता. आपल्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार कोणी आपल्या हाताने पुसून टाकतो का?”

चंपतराव टेकडीकडे बघू लागले.

“म्हणजे फोटोत ढग नव्हता. टेकडी होती, रितिका म्हणते तशी. आणि त्या सकाळी इथून टेकडी दिसत नव्हती, हे तुम्हीच आता सांगितलं. मग तुम्ही टेकडीचा फोटो काढला कुठून?”

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर ‘जितेंद्र सर’. त्यांनी उचलला नाही. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला.

“मी डिझेल पाहून येतो,” म्हणून ते उठले आणि शेडच्या मागे गेले ते गेलेच. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मोटरसायकलचा आवाज गावाच्या विरुद्ध दिशेने लांब गेला.

पळणाऱ्या माणसाच्या मागे धावण्याचं माझं वय नाही. मी उलट्या बाजूला चालू लागले, त्यांच्या घराकडे.

५

चंपतरावांच्या बायकोने, सिंधूताईंनी दार उघडलं, पाट टाकला आणि चहा ठेवायला निघाल्या.

“नको हो. माझं चातुर्मासात एकदाच असतं.”

त्या थांबल्या. मग चेहरा असा खुलला, जशी मी त्यांची माहेरची कोणी निघाले. “तुमचंबी हाय का नेम? माझा सूर्याचा हाय. सूर्यनारायण दिसल्याबिगर घास नाही घेत. चार महिने. यंदाचं अकरावं वर्ष.”

“भारी कठीण नेम घेतला तुम्ही. पावसाळ्याचे दिवस.”

“कठीण तं हाय. आन् आता शुगर निघाली. हे तं डोकंच खाऊन राहतात माझं. ‘सोडून दे वं, देव काय हिशेब ठेवते का?’ म्हनतात. मी म्हनलं, देव नाही ठेवत, मी ठेवतो.”

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रोजच्या चौकोनात कुंकवाचा ठिपका आणि सूर्य दिसल्याची वेळ. ज्या दिवशी दिसला नाही, तो चौकोन रिकामा. शनिवार रिकामा. रविवार रिकामा.

सोमवारी ठिपका. सव्वाआठ.

मी उठून कॅलेंडरला नाक लावलं. सव्वाआठच.

सोमवारी सव्वाआठला या गावात माणसं हाका मारत टेकडी चढत होती, कारण दहा हातांवरचं दिसत नव्हतं. दोन वाजेपर्यंत आभाळ उघडलं नाही. आणि नेमाच्या बाबतीत ही बाई खोटा ठिपका लावणार नाही, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. कॅलेंडरही खरं होतं आणि ढगही खरा होता. मग सूर्य दिसला तो इथे नाही.

“सिंधूताई, सोमवारी कुठे दिसला हो?”

“कळमन्याले, पार शहराच्या बाजारात!” त्या हसल्या. “दोन रोज पोटात काही नोहतं. सोमवारी उठली तं घेरी आली. हे इतके चिडले का विचारू नका. म्हने, ‘तुहा देव इथं येत नसन तं आपन त्याच्याकडे जाऊ. चाल!’ साडेसहाले गाडीवर बसवलं. वाटेत कन्हानच्या पुढं उजेड दिसला, पन सूर्य नाही. मार्केटच्या फाटकापाशी ढग फाटला एकदम. तिथंच हात जोडले. केळी खाल्ली, दूध पेली. यायनंच भरवली मले, इतक्या लोकांत. मले तं लाज वाटली बाई.”

“आणि त्यांची पट्टीवरची ड्यूटी?”

“सुट्टी टाकली म्हने त्यायनं.”

मी काही बोलण्याआधी दारात सावली पडली. चंपतराव. गावाबाहेर कुठवर जाऊन परत आले होते कोण जाणे, गाडी लांबच सोडलेली, चप्पल हातात होती.

“सुट्टी नोहती टाकली,” ते म्हणाले.

सिंधूताईंचा हात पदरावर तसाच राहिला.

“अकराच्या आत कधी विमान आलं नाही इथं, मॅडम. दहापर्यंत परत येतो म्हटलं. कन्हानले गाडी थांबवली आन् शुक्रवारचा फोटो टाकून देला. फोटो आला का मग जितेंद्र सर फोन करतातच. ‘आता कसं हाय?’ विचारतात. तसा नियमच हाय. म्हटलं, फोन आला का सांगीन, ढग हाय, थांबा. नाही आला फोन. फोटोवरच सोडून देलं विमान. आन् मले सांगतलंबी नाही का आज सव्वासातले निघून राहिलं म्हनून.”

“मग तुम्हाला कळलं कधी?”

“साडेआठले. हिचं दूध पिऊन व्हायचं होतं. सरांचा फोन आला. ‘लडकी गिर गई. मी तुझा फोटो काढून टाकतो, तू म्हन ढगाचा होता. दोघांच्याबी नोकऱ्या वाचतीन.’” त्यांनी चप्पल खाली ठेवली. “मी हो म्हटलं. पोरगी वाचली म्हनून सांगतलं होतं मले. मले वाटलं, वाचली न, झालं.”

“झालं?” सिंधूताईंचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. “तिकडं लेकरू झाडाले लटकून होतं, आन् तुमी मले केळं भरवून राहिले होते?”

“सिंधू, तू मरून जाशीन असं वाटलं न मले!”

“मंग सांगाचं होतं मले! मी घरी बसून राहिली असती. दोन रोज राहिली, तिसरा राहिली असती!”

“तेच तं, तू राहिली असती!” चंपतराव ओरडले. “अकरा वर्षं झाले, रोज सकाळी उठून आभाळ पाहतो मी. क्लबसाठी नाही पाहत, तुह्यासाठी पाहतो!”

 मी माझ्या नेमांची यादी मनातल्या मनात कधी नव्हे ती मोजली, आणि माझ्या घरी त्यासाठी कोण आभाळ बघत असेल असा विचार आला. तो आवडला नाही, म्हणून मी वही उघडली.

सिंधूताईंनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “न्या हे. यायचं नाव लिहा. कोनासाठी गेले तेबी लिहा. माझं नाव सोडू नका.”

६

जितेंद्रला फार वेळ लागला नाही. मी त्याच्या टेबलावर आधी वही ठेवली, तिच्यावर कॅलेंडर, आणि कॅलेंडरवर चंपतरावांचा सहीचा जबाब. कृष्णकांत शेजारी बसले होते.

“एक फोन,” मी म्हणाले. “एक फोन केला असता तर विमान जमिनीवर राहिलं असतं. तो का नाही केला?”

“दो दिन का बॅकलॉग था, मॅडम. फोटो साफ होता. मला वाटलं…” त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला. “फोटो साफ असला की फोनवरही रोज साफच सांगतात.”

“आणि नोंद?”

“ती नंतर लिहिली. नऊ वाजता.”

“पोरीचं काय होईल याचा विचार केला होता?”

त्याने केला नव्हता. त्याने फक्त स्वतःचा केला होता, आणि तो करतानाही भाषा फार चांगली वापरली. कृष्णकांतांनी जबाबासाठी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला.

शुक्रवारी सकाळी अहवाल पाठवण्याआधी मी दवाखान्यात गेले. रितिकाला सगळा वाचून दाखवला : फोटो जुना होता, खात्रीचा फोन झाला नाही, नोंद मागाहून लिहिली, पायलटला कोणीही थांबवलं नव्हतं.

मारोतरावांनी खुर्चीवरच टाळी वाजवली. “झालं! माही पोरगी खोटं बोलत नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगतलं होतं.”

“तुम्ही पहिल्या दिवशी बँकेचं सांगितलं होतं, बाबा,” रितिका म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “मॅडम, हे पुरं नाही.”

“काय राहिलं?”

“फोटो साफ होता, हे खरं. पण पारशिवनीच्या अलीकडे ढग मला समोर दिसला. डोळ्यांनी दिसला. मागे ऊन होतं. वळायला जागा होती आणि एक मिनिट वेळही होता. मला वाटलं, फोटोत टेकडी दिसत होती, म्हणजे हा ढग पातळ असेल, पलीकडे उघडंच असेल. मी आत गेले. मग वर-खाली काहीच कळेना.”

“काहून बोलून राहिली वं तू?” मारोतराव उठूनच उभे राहिले. “मॅडमनं इतकं सोडवलं, आन् तू सोताच गुंतून राहिली! तुले कोनी विचारलं का?”

“कोणीच नाही विचारलं. म्हणूनच सांगते.”

“लायसन्स जाईन!”

“जाणार नाही,” मी म्हणाले. “काही महिने थांबवतील. पुन्हा परीक्षा घेतील. पण तू हे लिहिलं नाहीस, तर त्यांना कधी कळणारही नाही, रितिका. हे मी तुला सांगायला हवं.”

“पुढच्या वेळी असा ढग समोर आला, तर मला कळायला हवं ना, मॅडम. वर मी एकटीच असते.”

मारोतराव खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. 

मी अहवालाच्या शेवटी कोरी जागा सोडली होती. तिथे रितिकाने सांगितलं तसं तिच्याच शब्दांत लिहून काढलं आणि पेन तिच्या डाव्या हातात दिलं. डाव्या हाताने तिने कधी सही केली नव्हती. कागद पांघरुणावर सरकत होता, पेन भलतीकडे जात होतं.

“थांब,” मारोतराव वैतागून म्हणाले. “साधा कागद धरता येत नाही कोनाले इथं.”

ते पलंगाशी वाकले, आणि सही पुरी होईपर्यंत दोन्ही हातांनी कागद घट्ट धरून उभे राहिले.